साठी, बुद्धी आणि प्रथिनांचा गंज

मार्गशीर्ष महिन्यात म्हसवडला सिद्धनाथाची रथयात्रा असते. एका वर्षी त्या दिवसांत आम्ही माण तालुक्यातील एका शिक्षकमित्राच्या घरी उतरलो होतो. त्यांच्या वडिलांनी सारा जन्म मेंढरे राखली. कळपातले प्रत्येक मेंढरू ते तोंडावरून ओळखत. आता सत्तरी ओलांडल्यावर जेवण झाले की नाही हे त्यांच्या लक्षात राहत नव्हते. देवळाहून घरी येताना त्यांची वाट चुकत होती. घरातल्यांनी त्याचा फारसा विचार केला नव्हता. "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!" एवढ्यावर विषय संपत असे.

त्यांचा पुतण्या परमुलखात गलाईच्या दुकानात असतो. यात्रेला येताना त्याने चुलत्यासाठी एक महागडी बाटली आणली होती. 'अँटिऑक्सिडंट' गोळ्यांची. मेंदूवरचा गंज निघतो, असे विकणाऱ्याने त्याला सांगितले होते. आमच्या मित्राने बाटली समोर ठेवून विचारले, "मेंदूला खरोखर गंज चढतो का? आणि चढत असेल, तर तो या गोळ्यांनी उतरतो का?"

प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. गावात असे प्रश्न शेवटी शिक्षकाकडेच येतात, म्हणून त्यांची उत्तरे जरा सविस्तर पाहू या.

सोने, तांबे आणि लोकर

गलाईचा धंदा खानापूर, आटपाडी, माण या तालुक्यांतल्या माणसांना नवा नाही. सोने शुद्ध करताना त्यातल्या तांब्यासारख्या धातूंचे ऑक्सिडीकरण होऊन ते वेगळे होतात आणि सोने तसेच राहते. म्हणजे ऑक्सिजनचा परिणाम सगळ्या पदार्थांवर सारखा होत नाही. लोखंड गंजते, तांब्यावर कळकट थर चढतो, तेल खवट होते. या सगळ्यांच्या मुळाशी ऑक्सिडीकरणच असते.

आपले शरीर सोन्याचे नाही. पेशीतले पाणी वगळले, तर उरलेल्या भागात सर्वांत मोठा वाटा प्रथिनांचा असतो. स्नायू, केस, रक्तातले हिमोग्लोबिन आणि पचनाची विकरे ही सगळी प्रथिनेच. वीस प्रकारची अमिनो आम्ले माळेसारखी एकापुढे एक जोडली जातात आणि त्या माळेची ठरावीक पद्धतीने घडी बसते. घडी नीट असेल तरच प्रथिन काम करते. माळेतल्या काही मण्यांवर ऑक्सिजनचा मारा चटकन होतो. गंधक असलेली सिस्टीन व मेथिओनीन आणि कड्यांची रचना असलेली ट्रिप्टोफॅन व टायरोसीन हे त्यांतले प्रमुख मणी.

याचे उदाहरण माणदेशात अंगावर पांघरायला मिळते. लोकर हे केराटिन नावाचे प्रथिन आहे. पांढऱ्या मेंढीच्या पाठीवरची लोकर नीट पाहा. कातडीजवळचा भाग पांढरा असतो. उन्हात राहिलेली टोके मात्र पिवळट आणि ठिसूळ झालेली असतात. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे लोकरीतल्या ट्रिप्टोफॅनचे तुकडे पडतात आणि कायन्युरेनीनच्या जातीची पिवळी संयुगे तयार होतात.

असेच काहीसे आपल्या डोळ्यांतही घडत असते. नेत्रभिंग क्रिस्टॅलिन नावाच्या प्रथिनांनी गच्च भरलेले असते. भिंगाच्या मध्यभागातली प्रथिने आपल्या जन्माच्या आधी तयार होतात आणि ती कधीच बदलली जात नाहीत. ऐंशी वर्षांच्या आजीच्या भिंगाच्या गाभ्यात ऐंशी वर्षांची जुनी प्रथिने असतात. वर्षानुवर्षांच्या ऑक्सिडीकरणाने ती पिवळसर होतात, एकमेकांना चिकटतात आणि भिंग गढूळ होते. हाच मोतीबिंदू. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात डॉ. डी. बालसुब्रमणियन यांनी भिंगातील प्रथिनांवर प्रकाश आणि ऑक्सिजन यांचा काय परिणाम होतो, याचा दीर्घ अभ्यास केला. प्रथिनांचा गंज डोळ्यांनी पाहायचा असेल, तर मोतीबिंदूइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

ऑक्सिजनचे दुसरे रूप

भिंगावर ऊन पडते हे खरे, पण शरीराच्या आत तर अंधार असतो. तिथे ऑक्सिडीकरण कशामुळे होते?

अन्नातून ऊर्जा काढण्याचे काम पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया करतात. अन्नातले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. या साखळीतून थोडे इलेक्ट्रॉन मध्येच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून 'सुपरऑक्साइड' नावाचा मुक्त मूलक तयार होतो. मुक्त मूलक म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. त्याची लोहाच्या आयनाशी गाठ पडली की त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघतो. हा सर्वांत आडदांड. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतके असते आणि तेवढ्यात तो जो रेणू शेजारी सापडेल त्याच्यावर तुटून पडतो.

डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली असा विचार मांडला की, माणूस म्हातारा होतो तो अशा मूलकांमुळे होणाऱ्या नुकसानीने. सुरुवातीला फार थोड्यांनी तो मनावर घेतला. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा निकाल लावणारे विकर शोधून काढले. शरीरात शत्रूसाठी खास पहारेकरी ठेवलेला आहे, म्हणजे शत्रूही खरा असला पाहिजे, हे तेव्हा लोकांना पटले.

गंज मोजायचा कसा?

लोखंडाचा गंज डोळ्यांना दिसतो, पण पेशीतल्या प्रथिनाचा कसा मोजायचा? इथे रसायनशास्त्राच्या शिक्षकांना एक जुनी ओळखीची बाटली भेटेल. पदवीच्या प्रयोगशाळेत अल्डिहाइड व कीटोन ओळखण्यासाठी आपण २,४-डायनायट्रोफेनिलहायड्राझीन वापरत होतो. कार्बोनिल गट असला की पिवळा-नारिंगी साका मिळतो. मूलकांचा मारा झाला की प्रथिनांतल्या काही अमिनो आम्लांवर असेच कार्बोनिल गट तयार होतात. ताज्या, निरोगी प्रथिनात ते जवळजवळ नसतातच. म्हणून हाच अभिकारक प्रथिनांचा गंज मोजायला उपयोगी पडला.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये अर्ल स्टॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०नंतरच्या दशकात हे काम केले. खरे तर ते म्हातारपणाचा शोध घेत नव्हते. जीवाणूंमधले ग्लुटामिन सिंथेटेज हे विकर अचानक निकामी का होते, हे त्यांना पाहायचे होते. कारण निघाले ऑक्सिडीकरण. मग त्यांनी निरनिराळ्या वयाच्या ऊती तपासल्या. तरुणपणी कार्बोनिलचे प्रमाण कमी असते आणि फारसे बदलत नाही. आयुष्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागात मात्र ते झपाट्याने वाढते.

१९९१ साली याच गटाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. वयाबरोबर मेंदूतल्या प्रथिनांमधले कार्बोनिल वाढत होते. मेंदूच्या पुढच्या टोकाला ही वाढ मागच्या टोकाच्या दुप्पट वेगाने होत होती. ग्लुटामिन सिंथेटेज आणि क्रिएटिन कायनेज या विकरांचे काम त्याच क्रमाने मंदावले होते. आणखी एक गोष्ट दिसली. अल्झायमरच्या रुग्णांचे मेंदू त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या मेंदूंशी ताडून पाहिले, तेव्हा रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामिन सिंथेटेज आणखी घटलेले आढळले. मज्जापेशींभोवती साचणारे जादा ग्लुटामेट आवरण्याचे काम हे विकर करते. ते कमी पडले की मज्जापेशींवर ताण येतो.

मित्राच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. होय, मेंदूतल्या प्रथिनांवर गंज चढतो आणि तो मोजताही येतो.

घरातली झाडलोट

पण मग आपण सगळेच चाळिशीत निकामी का होत नाही? कारण पेशीत रोज झाडलोट चालते. मेथिओनीनवरचे ऑक्सिडीकरण उलट फिरवणारे विकर पेशीत असते. सिस्टीनचे काही बिघाडही दुरुस्त होतात. कार्बोनिल झालेले प्रथिन मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही. ते मोडून टाकावे लागते.

मोडण्यासाठी पेशीत दोन व्यवस्था आहेत. प्रोटिएसोम ही एक पोकळ नळीसारखी रचना असते. बिघडलेले प्रथिन उलगडून तिच्यात शिरते आणि तुकडे होऊन बाहेर पडते. मोडायच्या प्रथिनांना पेशी युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवते. ही पद्धत शोधणाऱ्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या व्यवस्थेत पेशी आपला कचरा पिशवीत बांधून पाचक विकरांच्या हवाली करते. तिच्यावरच्या कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले.

घराची उपमा घेऊ. धूळ रोज येते, झाडूही रोज फिरतो, म्हणून घर स्वच्छ दिसते. वय वाढते तशी धूळ थोडी वाढते आणि झाडू मारणारा हात थकतो. त्यात आणखी एक अडचण असते. थोडे बिघडलेले प्रथिन सहज मोडता येते, पण फार बिघडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून गाठी होतात. त्या नळीत शिरत नाहीत, उलट तिचे तोंड बुजवतात. कचरा साचल्यामुळे सफाई अडते आणि सफाई अडल्यामुळे कचरा आणखी साचतो. म्हातारपण समजून घ्यायचे असेल तर हे दुष्टचक्र लक्षात ठेवले पाहिजे.

मेंदूच का?

मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के ऑक्सिजन तो एकटाच वापरतो. त्याच्यात सहज खवट होणारी मेदाम्ले भरपूर असतात, काही भागांत लोहही बरेच असते. त्वचेच्या पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. मज्जापेशी मात्र बहुतेक सगळ्या जन्मभर त्याच असतात. त्यांच्यातली प्रथिने बदलत राहतात, पण साचलेला कचरा वाटून घ्यायला नवी पेशी येत नाही.

अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णन केलेल्या आजारात दोन प्रथिनांच्या गाठी दिसतात. बीटा अमिलॉइडच्या गाठी पेशींच्या बाहेर, तर टाऊ प्रथिनाच्या गुंतावळी पेशींच्या आत. टाऊची ही गुंतावळ कशी होते, यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही संशोधन झाले आहे. ऑक्सिडीकरणामुळे गाठी होतात, की गाठींमुळे ऑक्सिडीकरण वाढते, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. दोन्ही एकमेकांना हातभार लावतात, एवढे प्रयोगांत दिसते.

कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, हे दुसरे उदाहरण. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० जणांची घरोघर जाऊन चौकशी झाली. लाखामागे ३२८ जणांना हा आजार आढळला. भारताच्या मानाने हा आकडा मोठा होता. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक आहे, हे त्याचे एक कारण. या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळ्या पट्ट्यातल्या पेशी मरतात. या पेशी डोपामीन तयार करतात. पट्ट्याचा काळा रंग कुठून येतो, ते वर्गात दाखवता येते.

वर्गात करून पाहा

१. एक पिकलेले पिवळे केळे घ्या. सालीवर टूथपिकने हलक्या हाताने एक अक्षर कोरा. काही मिनिटांत अक्षर तपकिरी होत जाईल. केळ्याच्या सालीत डोपामीन असते. ओरखड्यामुळे पेशी फुटतात, विकर आणि हवेतला ऑक्सिजन डोपामीनपर्यंत पोचतात आणि त्याचे ऑक्सिडीकरण होऊन गडद रंगद्रव्य बनते. मेंदूतल्या काळ्या पट्ट्याचा रंगही डोपामीनच्या ऑक्सिडीकरणातूनच येतो. तिथे ही क्रिया अतिशय सावकाश, अनेक वर्षे चालते. तिच्या मधल्या पायरीवर तयार होणारी संयुगे जवळच्या प्रथिनांना चिकटून त्यांना बिघडवू शकतात.

२. वांग्याच्या किंवा सफरचंदाच्या दोन फोडी घ्या. एकीवर लिंबाचा रस चोळा. अर्ध्या तासाने दोन्हींचा रंग ताडून पाहा.

मुले हमखास विचारतील, "केळं खाल्लं तर ते डोपामीन मेंदूत जातं का?" नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा डोपामीनला आत सोडत नाही. त्याचा पूर्वज लेव्होडोपा मात्र आत जातो, म्हणून औषध म्हणून तोच देतात. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतो, हे मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवले होते. तरीही या बिया वैद्यकीय सल्ल्याशिवाय कोणी खाऊ नयेत, हे मुलांना बजावून सांगावे.

फोडीवरचे लिंबू आणि बाटलीतली गोळी

आता दुसरा प्रश्न. लिंबाने फोड काळी पडायची थांबते, मग गोळीने मेंदू का वाचू नये?

फोड उघडी असते, तिच्यावर रस थेट पोचतो. मेंदू क जीवनसत्त्वाची पातळी आधीच वरची राखून असतो. आणखी गिळले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते. दुसरे असे, की हायड्रॉक्सिल मूलक जिथे जन्मतो तिथेच वार करतो. त्याच्या आणि प्रथिनाच्या मध्ये शिरायला गोळीतल्या रेणूला सवडच मिळत नाही. तिसरे, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे रेणू थोड्या प्रमाणात शरीराला हवेच असतात. पांढऱ्या पेशी त्यांच्या साहाय्याने जंतू मारतात. आणि चौथे, साचलेल्या गाठी मोडणे हे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या पदार्थाचे कामच नाही. धूळ येऊ नये म्हणून खिडकी लावली, तर आधीचा कचरा त्याने निघत नाही.

हे नुसते तर्क नाहीत, माणसांवर चाचण्याही झाल्या. कंपवातात ई जीवनसत्त्वाचा उपयोग होत नाही, हे १९९३ साली स्पष्ट झाले. अल्झायमरच्या रुग्णांना ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस देऊन पाहिले. १९९७ आणि २०१४ च्या चाचण्यांत रोजची कामे करण्याची शक्ती घटण्याचा वेग थोडा मंदावला, पण गेलेली स्मृती परत आली नाही. आजार होऊच नये म्हणून हेच जीवनसत्त्व सेलेनियमबरोबर हजारो पुरुषांना दिले गेले. त्याचा उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष २०१७ साली निघाला. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांच्या चाचणीत तर, १९९४ च्या अहवालानुसार, बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला. म्हणजे अशा गोळ्या निरुपद्रवी असतात, असेही धरून चालता येत नाही.

तेव्हा बाटलीबद्दल आम्ही मित्राला जे सांगितले ते असे: गंज खरा आहे, पण तो या गोळ्यांनी उतरतो असा पुरावा नाही. ते पैसे डॉक्टरकडे नेऊन तपासणीसाठी वापरा.

साठी झाली की बुद्धी जातेच का?

शेवटी म्हणीकडे वळू. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्क्यांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात निघाला. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त आढळले. याचा अर्थ, शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक वृद्धांची बुद्धी शाबूत असते. प्रथिनांचा गंज मात्र सगळ्यांनाच थोडाफार चढतो. नाव पटकन न आठवणे हे वयाचे लक्षण मानता येईल. रोजची वाट चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, स्वभाव बदलणे हे आजाराचे लक्षण असू शकते. त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देणे हा त्या माणसावर अन्याय आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य यांमुळेही असेच दिसते आणि त्यांच्यावर उपचार होतात.

२०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्या आवरल्या, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशेब आहे. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, हालचालीचा अभाव, ऐकू न येणे, दिसेनासे होणे, एकटेपणा या गोष्टी त्या यादीत आहेत. आणि यादीत आणखी एक आहे: बालपणी शिक्षण कमी मिळणे. शाळेत जाणाऱ्या मेंदूत जोडण्या अधिक तयार होतात. पुढे काही तुटल्या तरी उरलेल्यांवर काम निभावते. तिसरीतल्या मुलीला शाळेत टिकवून धरणारा शिक्षक तिच्या सत्तरीतल्या बुद्धीचीही तजवीज करत असतो.

माणदेशातली तरुण माणसे पोटासाठी दूर जातात. घरी आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे राहतात. आजोबा वाट चुकले हे सर्वांत आधी नातवाच्या लक्षात येते आणि तो ते वर्गात हसत सांगतो. त्या वेळी त्याला न रागावता त्याच्याशी याविषयी दोन शब्द बोलता आले, तर या लेखाचा उपयोग झाला असे आम्ही समजू.

आमच्या मित्राने वडिलांना डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, त्याची शस्त्रक्रिया झाली. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. विसराळूपणा गेलेला नाही. पण आता माणसे दिसतात, त्यामुळे गोंधळ थोडा कमी झाला आहे. सकाळी नातू त्यांना शेजारच्या वाड्यावर मेंढरे पाहायला नेतो. कालचे जेवण त्यांना आठवत नाही, मात्र कुठल्या मेंढराचा पाय दुखतो आहे ते अजून बरोबर सांगतात.